पांढरीचे थर आणि चुलीतला विस्तव

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशा हे गाव भाविकांना दक्षिण काशी म्हणून ठाऊक आहे. काशीयात्रा करून आल्यावर येथे उत्तरपूजा केल्यावाचून यात्रेची सांगता होत नाही, अशी श्रद्धा आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना हे गाव निराळ्या कारणाने ठाऊक आहे. १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाणयुगातील वस्ती आणि माळवा व जोर्वे धाटणीची रंगीत मृद्भांडी सापडली. तिच्यावर लोखंड वापरणाऱ्यांची वस्ती होती, आणि त्याही वर ऐतिहासिक काळापासून मध्ययुगाच्या आरंभापर्यंतचे थर होते. पिकाची जमीन ती काळी आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या राबत्याने, राखेने, घरांच्या पडझडीने जी माती साचते ती पांढरी, हा भेद आपल्या भाषेने फार पूर्वीच केलेला आहे.

पांढरी खणणाऱ्याच्या हाती थर लागतात. खापरे, हाडे, जळका दाणा, चुलीतली राख हे सारे त्याला मिळते. मिळत नाही तो चुलीतला विस्तव. तो कधी पेटत होता, कधी मंदावला आणि वस्ती उठण्यापूर्वी किती दिवस विझलेला होता, हे राखेवरून अनुमानानेच सांगावे लागते. ज्या व्याधीला आज आपण अल्झायमर म्हणतो, तिचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास वाचताना हाच पेच आम्हांस वारंवार आढळला. वैद्यकाने प्रथम थर पाहिले आणि विस्तवाकडे त्याचे लक्ष फार उशिरा गेले. या दोन्ही गोष्टींचे एकमेकींशी नाते काय, हा प्रश्न तर अलीकडेच नीट विचारला जाऊ लागला आहे. प्रस्तुत लेखात या दोन समांतर इतिहासांची गाठ कोठे पडते ते पाहण्याचा यत्न आहे.

पहिला इतिहास फ्रँकफर्ट येथे सुरू होतो. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी तेथील मनोरुग्णालयात औगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. आलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिला प्रश्न विचारून त्यांची उत्तरे टिपून ठेवली. स्वतःचे नाव लिहिण्यास सांगितले असता तिला ते पुरे करता येईना, आणि आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत अशा अर्थाचे उद्गार तिने काढले. ही कागदपत्रे पुढे हरवली आणि १९९५ साली पुन्हा सापडली. ८ एप्रिल १९०६ रोजी औगुस्टे वारली, तेव्हा अल्झायमर म्यूनिक येथे एमिल क्रेपेलिन यांच्या हाताखाली काम करीत होते. तिचा मेंदू त्यांनी मागवून घेतला आणि त्याचे पातळ काप करून बील्शोव्हस्की यांच्या चांदीच्या क्षारांच्या रंजनपद्धतीने रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर ठिकठिकाणी कसलेसे साचलेले डाग होते आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निरीक्षण मांडले. श्रोत्यांतून त्यावर कोणी चर्चाही केली नाही.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्याच सुमारास प्राग येथे ऑस्कर फिशर यांनी वृद्धापकाळी बुद्धिभ्रंश झालेल्या अनेक रुग्णांच्या मेंदूंत असेच डाग पाहिले आणि १९०७ साली ते प्रसिद्ध केले. परंतु १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात 'अल्झायमरचा रोग' हे नाव रूढ केले ते तुलनेने तरुण वयात होणाऱ्या दुर्मिळ विकारासाठी. म्हातारपणातले विसरणे हा निराळा, जवळजवळ स्वाभाविक प्रकार मानला गेला. नावाने घातलेली ही कुंपणाची रेघ सहा दशके टिकली. १९६८ साली न्यूकॅसल येथील ब्लेसेड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूंतील डाग मोजून त्यांचा बुद्धिऱ्हासाशी संबंध दाखवला. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे लिहिले की तरुण वयातला तो दुर्मिळ रोग आणि म्हातारपणातला हा सर्रास दिसणारा ऱ्हास ही मूलतः एकच व्याधी आहे. दुर्मिळ समजला गेलेला रोग त्यानंतर घरोघरचा ठरला.

त्या डागांतला पदार्थ कोणता, याचे उत्तर मिळायलाही असाच वेळ लागला. त्याचे नाव 'अमायलॉइड', म्हणजे पिष्टासारखा. रुडॉल्फ फिर्चो यांनी १८५४ साली मानवी शरीरातील अशा साठ्यांना आयोडिन लावून पाहिले आणि रंगावरून ते पिष्टवर्गीय ठरवले. पाचच वर्षांनी फ्रीडराइश आणि केकुले यांनी तो पदार्थ प्रथिनासारखा असल्याचे दाखवले, पण तोवर नाव चिकटले होते. वस्तूत प्रथिन आणि नावात पिष्ट, अशी ही विसंगती आजतागायत चालत आली आहे. अल्झायमरच्या मेंदूतील अमायलॉइडचा नेमका घटक १९८४ साली जॉर्ज ग्लेनर व केन वाँग यांनी वेगळा केला. तो चाळीस-बेचाळीस अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा आहे, एका मोठ्या प्रथिनातून कापला गेलेला. पेशींच्या आतल्या गुंत्यांत टाऊ नावाचे दुसरे प्रथिन असल्याचे १९८६ च्या सुमारास सिद्ध झाले. एरवी हे टाऊ चेतापेशीच्या लांब तंतूतील सूक्ष्मनलिकांना आधार देते. या संशोधनाच्या बळावर जॉन हार्डी व जेरल्ड हिगिन्स यांनी १९९२ साली असा सिद्धान्त मांडला की आधी अमायलॉइड साचते, आणि गुंते, पेशींचा मृत्यू व विस्मृती हे सारे त्याच्या मागून ओळीने येते.

प्रथिने एकमेकांना चिकटली की शरीराचे काय होते, हे नंदुरबार जिल्ह्याला नव्याने सांगावे लागत नाही. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात हिमोग्लोबिनमधील एकच अमिनो आम्ल बदललेले असते. ऑक्सिजन सोडून दिल्यावर असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब काड्या बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली या आजारास रेणूचा आजार म्हटले. अल्झायमर बहुतांश रुग्णांत असा एका बदलाने आईबापांकडून येत नाही, हा मोठा भेद खरा. पण एक धडा दोन्हीकडे सारखा आहे. सिकलसेलमध्ये वेदना होते ती वाकलेल्या पेशी रक्ताची वाट अडवतात आणि पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही म्हणून. तेव्हा साचलेल्या प्रथिनाबरोबर, ते साचल्याने कोणाची उपासमार झाली, हेही विचारावे लागते.

मेंदूच्या बाबतीत हा प्रश्न दुसऱ्या इतिहासाकडे नेतो. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के आणि विश्रांतीत असताना त्याचा ऊर्जेचा वाटा सुमारे वीस टक्के. इतका खर्च असूनही त्याच्या घरी साठवण जवळजवळ नाही. रक्तातून येणारे ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांवर तो क्षणोक्षणी अवलंबून असतो, आणि रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. या खर्चाचे मोजमाप जिवंत माणसात करण्याची पहिली भरवशाची पद्धत सेमूर केटी व कार्ल श्मिट यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत काढली. नायट्रस ऑक्साइड हुंगवून मेंदूत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या रक्तातील त्याचे प्रमाण ते मोजीत. १९५१ साली केटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वार्धक्यातील मनोविकाराच्या रुग्णांत मेंदूचा रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनचा वापर घटलेला असल्याचे दाखवले. अमायलॉइडचा घटक हाती येण्याच्या तेहतीस वर्षे आधी विस्तव मंदावल्याची नोंद झालेली होती. पण ती साऱ्या मेंदूची सरासरी होती. कोणत्या खोलीतली चूल मंदावली, हे त्यावरून कळत नव्हते.

ते कळण्याची वाट लुई सोकोलॉफ यांच्या कामातून उघडली. ग्लुकोजसारखाच दिसणारा पण पेशीत शिरल्यावर पुढे न जळता अडकून राहणारा एक रेणू त्यांनी वापरला. जी पेशी जास्त भुकेली तिच्यात तो जास्त साठतो, म्हणजे भूक मोजता येते. त्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून फ्लोरोडिऑक्सिग्लुकोज, संक्षेपाने एफडीजी, तयार झाले, आणि ऑगस्ट १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसाच्या मेंदूचे पहिले एफडीजी चित्र घेतले गेले. कॅट्झमन यांच्या लेखाचेही तेच वर्ष. १९८० च्या दशकाच्या आरंभीच या तंत्राने अल्झायमरच्या रुग्णांची ठरावीक खूण दाखवली. कानामागच्या आणि माथ्याच्या बाजूच्या भागांत ग्लुकोजचा वापर लक्षणीय कमी झालेला असतो, हालचाल व दृष्टी यांच्या मूळ केंद्रांत मात्र तो बराच टिकून असतो.

यावर एक साधा आक्षेप होता, आणि तो रास्तही होता. पेशीच मेल्या असतील तर त्या जेवणार कशा? ऊर्जा कमी वापरली जाते हे रोगाचे फळ असेल, मूळ कशावरून? हा आक्षेप डळमळीत करणारा पुरावा आनुवंशिकतेच्या बाजूने आला. १९९३ साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी एपीओई-४ हे जनुकरूप उशिराच्या अल्झायमरचा धोका वाढवते, असे दाखवले. पुढे एरिक रायमन व सहकाऱ्यांनी हे जनुकरूप असलेल्या निरोगी मध्यमवयीन माणसांत, आणि २००४ साली तर विशी-तिशीतल्या तरुणांतही, त्याच ठरावीक भागांत ग्लुकोजचा वापर किंचित कमी असल्याचे नोंदवले. त्या वयात विस्मृतीचा मागमूसही नसतो. चुलीची ठेवण आधीच थोडी मंद आणि थर मागाहून, असाही क्रम असू शकतो, ही शक्यता त्यामुळे गंभीरपणे घ्यावी लागली.

थरापासून विस्तवाकडे जाणाऱ्या वाटाही एकेक करून स्पष्ट होत गेल्या. पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणजे तंतुकणिका. अमायलॉइडचे छोटे, अजून डाग न बनलेले पुंजके तंतुकणिकांच्या कामात अडथळा आणतात, असे अनेक प्रयोगांत आढळले. टाऊचे गणित दळणवळणाचे आहे. चेतापेशीचा तंतू लांब असतो आणि तंतुकणिका सूक्ष्मनलिकांवरून वाहून टोकापर्यंत न्याव्या लागतात. टाऊ बिघडून गुंता झाला की ही वाट खचते आणि जेथे संदेशांची देवघेव चालते, नेमके तेथेच ऊर्जा पोहोचेनाशी होते.

तिसरी वाट आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटली. मेंदूत चेतापेशींच्या शेजारी अॅस्ट्रोसाइट नावाच्या ताराकृती पेशी असतात. रक्तातले ग्लुकोज घेऊन त्या ते अर्धवट मोडतात आणि तयार झालेले लॅक्टेट चेतापेशींना पुरवतात, अशी कल्पना पेलेरिन व माजिस्ट्रेटी यांनी १९९४ साली मांडली. म्हणजे या पेशी घरातल्या रांधणाऱ्या. २०२४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील कॅट्रिन आंद्रेआसन यांच्या गटाने दाखवले की अमायलॉइड व टाऊ यांचे पुंजके या रांधणाऱ्या पेशींतील आयडीओ-१ नावाचे विकर चेतवतात. त्यातून कायन्युरेनिन नावाचे द्रव्य वाढते आणि ते ग्लुकोज मोडण्याची क्रिया दाबून टाकते. लॅक्टेट घटते आणि शेजारच्या चेतापेशी अर्धपोटी राहतात. संशोधकांनी उंदरांत हे विकर रोखले तेव्हा स्मृतिकेंद्रातील ग्लुकोजचा वापर सुधारला आणि उंदरांना वाटा पुन्हा आठवू लागल्या. साचलेले डाग असतानाही हे घडले. हे रोधक मुळात कर्करोगाच्या उपचारासाठी विकसित होत होते. उंदरात साधले ते माणसात साधेलच असे नाही, हा या रोगाच्या इतिहासातला कडू अनुभव आहे. तरीही या प्रयोगाने एक वैचारिक बदल घडवला. न आठवणारी प्रत्येक पेशी मेलेली असेलच असे नाही, तिच्यातल्या काही नुसत्या भुकेल्या असू शकतात.

उलट दिशेची वाटही आहे. मेंदू रिकामा बसलेला असताना, भूतकाळ आठवताना, स्वतःविषयी विचार करताना जे भाग सतत जागे असतात, त्यांचे जाळे मार्कस राइकल यांनी २००१ साली वर्णिले. अमायलॉइड साचते ते बव्हंशी याच भागांत. २००५ साली जॉन सिरिटो व सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले की चेतापेशींचे संदेशवहन वाढले की अमायलॉइडचे बाहेर टाकले जाणेही वाढते. जी चूल सर्वांत जास्त पेटते तिच्याच भोवती राख साचते आणि साचलेली राख पुन्हा चुलीचा वारा अडवते. पांढरीचा थरही अखेर विस्तवाचाच असतो. थर आधी की विस्तव मंदावणे आधी, हा वाद मग काहीसा बदलतो. हे चक्र कोठे तोडता येईल, हा प्रश्न उरतो.

थर उपसून काढण्याचा प्रयत्न आता प्रत्यक्षात झाला आहे. अमायलॉइडविरुद्धच्या लेकॅनेमॅब या औषधास २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत अमायलॉइड मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले आणि ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. मंदावला, थांबला नाही. मेंदूत सूज व सूक्ष्म रक्तस्राव हे धोकेही आहेत. अमायलॉइडचा सिद्धान्त खोटा ठरला असे यावरून म्हणता येत नाही, कारण काही परिणाम दिसला आहे. पण तो पुरा आहे असेही म्हणता येत नाही. राख काढली एवढ्याने चूल आपोआप पेटत नाही.

आता हे सारे आपल्या मुलखाच्या संदर्भात. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र २००२ साली मुंबईत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. मेंदूतला विस्तव पाहण्याची सोय महाराष्ट्रात झाली ती तेव्हा. मात्र एफडीजीतील फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे. सहा तासांत त्याचा जेमतेम दहावा भाग उरतो. हे द्रव्य साठवून ठेवता येत नाही, फार दूर पाठवता येत नाही. तापीकाठच्या खेड्यातील म्हाताऱ्या माणसाला म्हणून यंत्राकडे जावे लागते, यंत्राचे द्रव्य त्याच्याकडे येऊ शकत नाही. आणि ज्याला घरातला रस्ता आठवत नाही त्याला मोठ्या शहराच्या प्रवासाला न्यायचे म्हणजे काय, हे ज्यांनी नेले आहे त्यांनाच ठाऊक.

मुंबईत चाळीस वर्षांवरील २४,४८८ लोकांची पाहणी करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील २.४४ टक्के लोकांत बुद्धिभ्रंश आढळला होता, आणि त्यात अल्झायमरचा वाटा सर्वांत मोठा होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील भारतीयांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे अनुमान काढले. पद्धती निराळ्या असल्याने या दोन आकड्यांची थेट तुलना करणे योग्य होणार नाही. दुसऱ्या पाहणीतील एक निष्कर्ष मात्र नजरेआड करता येत नाही. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने बुद्धिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण तत्त्वतः टाळता किंवा लांबवता येतील असे म्हटले आहे. त्यासाठी ज्या चौदा गोष्टींकडे लक्ष वेधले, त्यांत अपुरे शिक्षण, कमी ऐकू येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि एकाकीपणा या आहेत. यांपैकी एकीसाठीही सायक्लोट्रॉन लागत नाही. रक्तदाब मोजण्याचा पट्टा लागतो, कानाची तपासणी लागते आणि मुलीची शाळा सुटू नये एवढे पाहावे लागते.

मराठीचे अध्यापक या नात्याने शब्दांविषयी दोन शब्द. आपल्या बोलीत या व्याधीसाठी 'म्हातारचळ' आहे, 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आहे. दोन्हींत वय हेच कारण आणि वय हाच दोष. क्रेपेलिन यांनी जी रेघ पाठ्यपुस्तकात ओढली तीच आपण म्हणीने ओढलेली आहे. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गंभीर खरा, पण त्याच्यामागे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील क्रोध आणि मोह यांची साखळी उभी असते. रुग्णाचा स्वतःचा काही प्रमाद असावा, असे त्यातून नकळत सूचित होते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ च्या चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री घरचा पत्ता विसरतो आणि एका हत्तीच्या मागोमाग निघून जातो. त्याला सांभाळते ती त्याची भाषाही न कळणारी माहुताची बायको. काय झाले आहे हे तिला सांगता येत नाही, पण याला आधी जेवू घालावे लागेल, हे तिला कळते.

गेल्या सव्वाशे वर्षांच्या संशोधनातून सामान्य वाचकाने न्यावे असे काही असेल, तर ते आमच्या मते एवढेच आहे. साचलेले थर रोगाची ओळख पटवतात, पण रुग्ण जगत असतो तो उरलेल्या विस्तवावर. आजी आज नातवाचे नाव विसरली आणि उद्या सकाळी तिला ते आठवले, तर ती सोंग करीत नसते, हट्टही करीत नसते. त्या पेशीला त्या वेळी पुरेसे मिळाले नव्हते, असाही त्याचा अर्थ असू शकतो. 'म्हातारचळ लागला' असे म्हणून जे घर थांबते ते रक्तदाब मोजायला, साखर पाहायला, कान तपासायला नेत नाही. जे घर हा आजार आहे असे म्हणते, ते निदान तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तरी जाते.